ऑफिसमध्ये सहा-सात तास घालता येतील असे, बाहेरची बडबड अडवणारे हेडफोन सुचवा (चष्मा आहे)

चष्मेवाली_खराडी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही. माझं काम रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकून लिहिलेला मजकूर तपासायचं. आरोग्याच्या विषयावरच्या मुलाखती, बहुतेक खेड्यातल्या बायकांच्या, घरात नाहीतर ओसरीवर बसून घेतलेल्या. मागे पंखा, कोंबड्या, कुणाचं तरी बाळ रडतंय, आणि नाजूक काही बोलायचं असलं की बाई आवाज एकदम खाली आणते. इकडे ऑफिस म्हणजे एकच मोठा हॉल, माझ्या पाठीला पाठ लावून कस्टमर सपोर्टची टीम, आठ-दहा जण दिवसभर फोनवर. त्यांचंही काम आहे, त्यांना गप्प बसा म्हणता येत नाही.

मागच्या महिन्यात एका मुलाखतीत "गोळ्या घेतल्या" एवढंच मला ऐकू आलं आणि मी ते तसंच पास केलं. नंतर सहकारी मुलीने घरी शांतपणे ऐकलं तर पुढे अगदी हळू "न्हाई" होतं. म्हणजे सगळा अर्थच उलटा. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

आत्ताचे हेडफोन नॉइज कॅन्सलेशनवालेच आहेत, एसीची घरघर छान जाते पण माणसांचं बोलणं येतंच, म्हणून मी व्हॉल्यूम वाढवत नेते, संध्याकाळी कानात बारीक शिट्टी वाजल्यासारखं होतं. शिवाय तासाभरात चष्म्याच्या काडीजवळ कान ठणकायला लागतो. बजेट आठ-नऊ हजार. कुणी असं काम करत असेल तर प्लीज सांगा.

मगरपट्टा_माझा

सोनीचे डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ सेलमध्ये बघा, बजेट थोडं ताणावं लागेल पण मी तीन वर्षं वापरतोय, गादी मऊ आहे, वजन २५४ ग्रॅम, विमानात तर स्वर्ग. तेवढे पैसे घालायचे नसतील तर त्यांचेच सीएच७२०एन १९२ ग्रॅमचे आहेत, डोक्यावर जाणवतसुद्धा नाहीत.

टेपवाला_गोरेगाव

मगरपट्टा, तुमचा अनुभव खरा आहे पण ताईंची अडचण वेगळी आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी डबिंग स्टुडिओत आहे, दिवसभर माणसांचा आवाजच ऐकतो.

नॉइज कॅन्सलेशन मुळात विमानाच्या घरघरीसाठी आलं. अमर बोस यांना १९७८ साली विमानप्रवासात ही कल्पना सुचली आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा पहिला हेडसेट आला तो वैमानिकांसाठी. आतला माइक बाहेरचा आवाज पकडतो आणि बरोबर उलटी लहर सोडतो, दोन्ही एकमेकांना खातात. हे जमतं ते खालच्या, एकसारख्या आवाजाला. १०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा थरथरणारी, लहर साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, तिला गाठायला सवड मिळते. बोलण्यातली व्यंजनं, स, च, त, क, ही दोन-तीन हजार हर्ट्झच्या वर असतात, तिथे लहर दहा-पंधरा सेंटिमीटरची, थोडं इकडेतिकडे झालं की गणित चुकतं. म्हणून एसी जातो आणि शेजारचा "सर, तुमचा ऑर्डर नंबर सांगा" तसाच राहतो, उलट घरघर गेल्यामुळे जास्तच स्वच्छ ऐकू येतो.

बोलणं अडवायचं तर ते आडवी भिंत घालूनच अडतं. कानाभोवती घट्ट बसणारे बंद पाठीचे, म्हणजे बाहेरच्या बाजूला जाळी नसलेले, हेडफोन नाहीतर कानाच्या नळीत बसणारे. आमच्याकडे सेनहायझर एचडी २८० प्रो आहेत, कंपनी ३२ डेसिबलपर्यंत आवाज अडतो म्हणते, वायरचे आहेत, लॅपटॉपवर आरामात चालतात. पण ते डोकं घट्ट धरतात आणि त्या पकडीमुळेच आवाज अडतो, चष्म्यावर सहा तास ही पकड सगळ्यांना झेपत नाही. उघड्या पाठीचे कितीही आरामदायक वाटले तरी घेऊ नका, त्यातून सगळं आत येतं.

आता मला सांगा दुखतं नेमकं कुठे? कानाच्या मागे काडी टेकते तिथे, कानाच्या वरच्या कडेला, की डोक्यावर मध्यभागी? तिन्हीची कारणं वेगळी. मागे दुखत असेल तर काडी जाड आहे. कानाची कड दुखत असेल तर गादीचं भोक लहान आहे नाहीतर उथळ आहे आणि कान आतल्या कापडाला घासतोय. डोक्यावर दुखत असेल तर वजन नाहीतर पट्टा.

आणि एक साधी परीक्षा करा. रेकॉर्डिंग लावून चष्मा घालून ऐका, मग हेडफोन तसेच ठेवून फक्त चष्मा हळूच ओढून काढा. बाहेरचं बोलणं एकदम कमी झालं तर समजा काडीने गादी उचलून धरली होती आणि त्या फटीतून सगळं आत येत होतं. अशा वेळी पंचवीस हजारांचे हेडफोन आणले तरी फट तीच राहणार.

चष्मेवाली_खराडी

दादा, आत्ताच करून बघितलं. चष्मा काढल्यावर मागची टीम निम्मी गायब झाली! मी दोन वर्षं हेच हेडफोन वापरतेय आणि हे कधी लक्षातच आलं नाही. दुखतं कानाच्या मागे, काडीच्या रेषेतच, संध्याकाळी तिथे लाल वळ असतो. माझी फ्रेम प्लास्टिकची आहे आणि काडी मागे रुंद होत गेलीये.

भोसरी_मेंटेनन्स

ताई मग डोक्यावरचे सोडा आणि कानात जाणारे घ्या, टोकाला फोमची मऊ बोंडं लावून. मी कारखान्यात प्रेस शॉपला आहे, आमच्याकडे कानात प्लग घातल्याशिवाय आत पाऊल टाकू देत नाहीत, थ्रीएमचे नारंगी ११०० नंबरचे असतात, पाकिटावर २९ डेसिबल लिहिलेलं. पण ते २९ मिळतात नीट घातले तरच. नव्या पोरांना मी स्वतः शिकवतो कारण दहातली आठ पोरं प्लग नुसता कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि म्हणतात काही फरक पडत नाही.

इअरफोनच्या फोमचंही तेच आहे. हात धुवायचे, बोटांत फोम चारी बाजूंनी दाबून बारीक करायचा, उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि थोडा मागे ओढायचा म्हणजे नळी सरळ होते, मग आत सरकवायचा आणि बोट तसंच अर्धा मिनिट धरून ठेवायचं. फोम हळूहळू फुगतो, बाहेरचं जग कुणीतरी दार लोटून घेतल्यासारखं लांब जातं. स्वतः बोलून बघा, आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमला की समजा बसलं.

साइज मात्र पाकिटात तीन असतात तर तिन्ही लावून बघा, दोन कानांचे साइज वेगळे निघाले तरी घाबरू नका, माझे वेगळेच आहेत. वायर कानावरून मागे फिरवून घाला, नाहीतर शर्टाला घासून खरखर येते.

आमच्यातले काहीजण कॉम्प्रेसरजवळ पेल्टर एक्स५ए चे मफ, म्हणजे पूर्ण कान झाकणाऱ्या वाट्या, घालतात, ३१ डेसिबलचे, पण वजन ३५१ ग्रॅम आणि तुमचा चष्मा, ऑफिसात नको ते.

निंबोणी

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे लोकांचं ऐकणं तपासते, हेडफोनचं वरच्यांनी छान सांगितलंय पण ती संध्याकाळची शिट्टी वाचून राहवलं नाही. ती किरकोळ समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्या माणसांसाठी मार्गदर्शन असं आहे की ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास, आणि ९० डेसिबलला फक्त ४ तास. बघा दहा डेसिबलने वेळ किती घसरतो. तुम्ही रोज सहा तास ऐकता म्हणजे व्हॉल्यूमला सूट घ्यायला जागाच नाही. बाहेरचा आवाज अडवायचा तो गप्पांचा त्रास वाचावा म्हणून तर आहेच, पण मुख्य म्हणजे आतला आवाज खाली ठेवता यावा म्हणून. एकदा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, अर्धा तास लागतो, पुढे तुलनेला आजचा कागद हाताशी राहील.

कानात घालायचे असतील तर दोन गोष्टी. आधी डॉक्टरांकडून कानात मळ साठलाय का ते बघून घ्या, फोमने तो आत ढकलला जातो. आणि पावसाळ्यात ओल्या कानात घालू नका, केस धुतल्या दिवशी तर नाहीच, दमट हवेत बंद कानात बुरशी धरते, जुलै-ऑगस्टमध्ये असे पेशंट भरपूर बघते मी. तासाभराने पाच मिनिटं काढून ठेवा. बोंडं दुसऱ्या कुणाला देऊ नका. खाज किंवा पाणी आलं तर काडी-पिन काही न घालता सरळ डॉक्टर.

टेपवाला_गोरेगाव

निंबोणीताईंनी लाखमोलाचं सांगितलं. त्याला जोडून, ताई तुम्ही रेकॉर्डिंगसुद्धा थोडं साफ करून ऐकू शकता. ऑडॅसिटी नावाचं आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. फाइलची कॉपी करा, मूळ फाइलला हात लावू नका. कॉपीवर १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, पंख्याची नि वाऱ्याची घरघर बरीच जाते आणि बाईच्या आवाजाला धक्का लागत नाही. मग कॉम्प्रेसर लावा, तो मुलाखत घेणाऱ्याचा मोठा आवाज दाबतो आणि मग सगळं मिळून वर उचलता येतं, म्हणजे तिचं कुजबुजलेलं वर येतं आणि पुढचा प्रश्न कानावर आदळत नाही. शंका आली तिथे वाक्याचा शेवट निवडून लूपवर लावा, म्हणजे तेवढंच परत परत वाजेल. आपल्या भाषेत सगळा निकाल क्रियापदानंतर लागतो, आणि नेमका तिथेच माणसाचा श्वास संपलेला असतो.

चष्मेवाली_खराडी

तीन आठवड्यांनी लिहितेय. आधी कान तपासले, डाव्या कानात मळ होता तो काढला, ऑडिओग्राम नॉर्मल आला, देवाची कृपा. मग वायरचे कानात घालायचे घेतले आणि फोमची बोंडं वेगळी, सगळं मिळून अडीच हजारांच्या आत झालं. पहिले दोन दिवस फोम सारखा निसटायचा, उजव्या कानाला लहान आणि डाव्याला मधला लागतो हे तिसऱ्या दिवशी कळलं. भोसरीदादा, डोक्यावरून हात नेऊन कान ओढायचं सांगितलंत त्यानेच जमलं. चहा पिताना घोट घेतल्याचा आवाज स्वतःलाच मोठा येतो म्हणून चहाला काढून ठेवते, तेवढीच विश्रांती होते. शेजारच्या मुलीला सांगून ठेवलंय की हाक मारू नकोस, टेबलावर टकटक कर.

लॅपटॉपचा व्हॉल्यूम आधी शंभरपैकी ८५ वर असायचा तो आता ४५ वर आहे, आणि शिट्टी नाही.

जुन्या, मी पास केलेल्या फाइल्स आता रोज एक-दोन करून परत ऐकतेय, कॉम्प्रेसर लावून. आणखी एक "न्हाई" सापडलं. आणि एका ठिकाणी आम्ही "अस्पष्ट" असं लिहून सोडलं होतं तिथे बाई म्हणत होती, "हे लिवू नका". ते टीमलीडला दाखवलं, तेवढा भाग काढून टाकला.

एकच विचारायचंय, फोम किती दिवसांनी बदलायचा?

भोसरी_मेंटेनन्स

दिवस मोजू नका, दाबून बघा. कडक झाला किंवा पूर्वीसारखा सावकाश फुगेना की बदलायचा. साबणाने धुवत बसू नका, कोरड्या फडक्याने पुसा आणि रात्री डबीत बंद न करता उघडा ठेवा.