"सर, येतंय, पण सांगता येईना": बी.एस्सी.च्या गणिताच्या तासाला पोरांना बोलतं कसं करावं?

वसमतचा मास्तर
नमस्कार. हिंगोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात अकरा वर्षांपासून गणित शिकवतो. दुसऱ्या वर्षाला रिअल अ‍ॅनालिसिस आहे. वर्गात चौतीस जण, त्यात एकोणीस मुली. वहीत सिद्धता लिहा म्हणलं की बहुतेकांची बरोबर येते. तीच समोर येऊन सांगा म्हणलं की फळ्याकडं तोंड, वर्गाकडं पाठ, आणि नुसता खडू चालतो.

मागच्या आठवड्यात एका मुलीनं सातत्याची, म्हणजे बिंदूपाशी फलात (फंक्शनमध्ये) उडी नसण्याची, व्याख्या लिहिली. उलटा ए ('प्रत्येकासाठी'), उलटा ई ('असा एक आहे'), एप्सिलॉन (उत्तरात चालेल एवढा फरक), डेल्टा (त्यासाठी बिंदूच्या किती जवळ राहायचं), सगळं जागेवर. "आता वाचून दाखव," म्हणलं. ती म्हणाली, "सर, येतंय, पण सांगता येईना." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही चिन्हं तोंडानं कशी म्हणायची, हे मी या पोरांना कधी सांगितलंच नाही. मी स्वतः लिहिताना "हे असं, म्हणून हे असं" एवढंच म्हणत आलोय.

सेमिनारला पाठ करून येतात. मधेच "का?" विचारलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. जादा तास घ्यावा तर गावाकडची साडेचारची एसटी. इंग्रजीचं भ्या आहे, पण मराठीतही तेच होतंय. तुम्ही काय करता?

नांदेडकर प्राध्यापक
सर, इंग्रजीतूनच बोलायला लावा. पेपर इंग्रजीत, नेट-सेट इंग्रजीत, पुढं मुलाखतही इंग्रजीत. फळ्याच्या कोपऱ्यात आठ-दहा वाक्यं कायम ठेवा: 'लेट एप्सिलॉन बी गिव्हन', 'सपोज नॉट', 'इट इज इनफ टू शो दॅट'. महिन्याभरात तोंडात बसतात.

लातूरच्या निवृत्त बाई
वाक्यं जरूर द्यावीत, पण नंतर. आधी दिली तर पाठांतरात तेवढीच भर.

मी विहिरीपासून सुरुवात करायचे. "गावातल्या प्रत्येक घराला एक विहीर आहे" आणि "गावात एक विहीर आहे, जिच्यावर प्रत्येक घर पाणी भरतं". शब्द जवळपास तेच, फक्त क्रम बदलला. फरक कुणालाही सांगता येतो, कारण पाणी भरलेलं असतं. मग म्हणायचं, आता घराच्या जागी एप्सिलॉन घ्या, विहिरीच्या जागी डेल्टा. "प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा मिळतो" हे सातत्य. "एकच डेल्टा सगळ्या एप्सिलॉनला पुरतो" असं म्हटलं, तर त्या बिंदूच्या आजूबाजूला फल स्थिरच निघतं. हे पोरांनी एकमेकांशी भांडून शोधायचं, आपण मधे पडायचं नाही.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा हो. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तर शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नव्हते. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब येऊ लागली, एरवी गप्प बसणारेही बोलू लागले. मी मनात पाच अंक मोजायचे. फार जड जातं ते.

टेक्सासच्या आर. एल. मूर यांची पद्धत तुम्हाला माहीत असेलच: पुस्तक नाही, व्याख्यान नाही, प्रत्येक प्रमेय विद्यार्थ्यानंच फळ्यापाशी सिद्ध करायचं. त्यांच्या हाताखालून मोठे गणिती घडले. पण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ते आपल्या वर्गात घेत नसत, हे मी कधी विसरू शकले नाही. फळ्यापाशी कुणाला बोलवलं जातं, हे आपणही तपासायला हवं.

बीडची, एम.एस्सी. दुसरं वर्ष
सर, मी त्या गप्प मुलींतलीच. आमच्या मॅडमनी सगळ्यांसमोर उभं करायच्या आधी शेजारणीला सांगायला लावलं. पाठीला पाठ लावून बसायचं. एकीच्या हातात आलेख, दुसरीकडं कोरा कागद, आणि समीकरण सांगायचं नाही. "डावीकडून सरळ उतरतंय, दोनवर टोक येतंय, मग तेवढ्याच चढानं वर जातंय." माझ्या मैत्रिणीनं टोकाऐवजी गोल वळण काढलं. 'टोक' म्हणजे नेमकं काय, हे तिला समजावताना तिथं अवकलज (डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्या बिंदूपाशी आलेखाचा चढ) का नाही, ते मलाच पहिल्यांदा कळलं. दहा मिनिटांत होतं सर, तासातच बसतं, बस चुकत नाही.

वसमतचा मास्तर
बाई, गुरुवारी विहीर घेतली. पाच अंक मोजले, दोनदा सातही. औंढ्याकडचा एक पोरगा उठला, "सर, आमच्या गावात एकच विहीर आहे, पण मार्चनंतर आटती. मग सगळ्यांसाठी आहे म्हणायचं का?" मी म्हणलं, तू तर आणखी एक 'प्रत्येक' आणलास, प्रत्येक महिन्याचा. यावरून वर्गात जी चर्चा पेटली, ती अकरा वर्षांत मी ऐकली नव्हती. पुढच्या आठवड्यात युनिफॉर्म कंटिन्युइटी आहे, म्हणजे एका एप्सिलॉनला सगळ्या बिंदूंसाठी एकच डेल्टा पुरणं. डेल्टा बिंदूवर अवलंबून आहे की नाही, ते आता त्याच विहिरीवरून विचारणार.

नांदेडकर सर, तुमची वाक्यं दिवाळीनंतर लावतो.

आणि ती मुलगी. तास संपता संपता तिनं विचारलं, "सर, जागेवर बसूनच सांगू का?" हो म्हणलं. तिनं व्याख्या मराठीत सांगितली, डेल्टापाशी अडली, शेजारणीकडं बघितलं, आणि पुढं स्वतःच सांगितली.