मटेरियल ढीगभर आहे पण वर्ग बोलतच नाही, तुम्ही नक्की काय वापरता?

वहीतलं_पान

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा विचारतेय. मी जर्मन शिकवते. मोठी माणसं, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी येणारी, बॅचला १४ जण, ए१ म्हणजे अगदी पहिली पातळी संपून ए२, म्हणजे पुढची, सुरू झालंय. लॅपटॉपवर माझा वर्कशीटचा फोल्डर आहे, आज सहज मोजल्या तर चारशेच्या वर फाइल्स निघाल्या आणि त्यातल्या निम्म्या मी एकदाही उघडलेल्या नाहीत. तरी रविवारी रात्री मी काय करते तर अजून नवीन शोधत बसते, दोन-दोन तास.

वर्गात होतं असं की रिकाम्या जागा सगळे भरतात, बरोबर भरतात, पण "आता शेजारच्याशी बोला" म्हटलं की शांतता. एक जण पाठ केलेलं वाक्य म्हणतो, दुसरा "या, या" (जर्मनमध्ये हो, हो) करतो आणि मग दोघं माझ्याकडे बघतात, झालं आमचं म्हणून. गेल्या आठवड्यात त्या नऊ प्रिपोझिशन घेतल्या, ज्यांच्यानंतर जागा सांगायची तर दातिव्ह आणि हालचाल सांगायची तर अक्कुझातिव्ह ही विभक्ती येते त्या. तक्ता सगळ्यांना तोंडपाठ. बोलताना मात्र आउफ डेम टिश (टेबलावर आहे, दातिव्ह) की आउफ डेन टिश (टेबलावर ठेव, अक्कुझातिव्ह), सगळा गोंधळ.

लिंक द्या, पण नुसत्या लिंक नकोत. तुम्ही स्वतः जे परत परत वापरता आणि जे चालतं ते सांगा.

खडूची_धूळ

ताई, दोघांच्या हातात एकच कागद असेल तर ते एकमेकांना सांगणार काय? जे याला माहीत आहे तेच त्याला माहीत आहे. बोलायला कारणच नाहीये. मी इंग्रजी शिकवतो, वीस वर्षं होतील आता, आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे कागद फाडणे. खरंच. चांगलं वर्कशीट घ्यायचं, अर्धी माहिती अ कडे, अर्धी ब कडे. याला इन्फर्मेशन गॅप म्हणतात, नाव काहीही असो, मुद्दा इतकाच की मला हवं ते तुझ्याकडे आहे आणि विचारल्याशिवाय मिळणार नाही.

तुमच्या नऊ प्रिपोझिशनसाठी हे तर हातात आयतं आहे. एका खोलीची दोन चित्रं काढा, स्वतः काढा, वाईट आली तरी चालतात, उलट वाईट चित्रावर जास्त बोलतात. टेबल, कपाट, दिवा, मांजर, पुस्तकं. दोन चित्रांत आठ फरक ठेवा. जोड्या पाठीला पाठ लावून बसवा आणि चित्र न दाखवता फरक शोधायला सांगा, झाली दातिव्हची प्रॅक्टिस. मग दुसऱ्या फेरीत अ ने ब ला खोली बदलायला लावायची, दिवा टेबलावर ठेव, मांजर कपाटामागे ने, ब ने पेन्सिलीने काढायचं, की अक्कुझातिव्ह आला. तोच कागद, तीच मांजर. जागा आणि हालचाल यातला फरक तक्त्यात दिसत नाही, मांजर उचलून दुसरीकडे ठेवली की दिसतो.

दोन गोष्टी सांभाळा. फळ्यावर आधी तीन वाक्यं लिहून ठेवा, "परत सांग", "म्हणजे कुठे?" आणि "माझ्याकडे तसं नाहीये", याचं जर्मन. ही नसली तर तिसऱ्या मिनिटाला सगळे आपल्या भाषेवर येतात, त्यांचा दोष नाही, अडल्यावर काय म्हणायचं तेच आपण दिलेलं नसतं. आणि मध्ये मध्ये चुका दुरुस्त करू नका. कानावर पडलेल्या चुका कागदावर टिपा, शेवटी त्यातल्या चार फळ्यावर घ्या, कोणाच्या ते न सांगता.

काना_मात्रा

मी उलट बाजूची, मराठी न येणाऱ्यांना मराठी शिकवते. धूळ सरांशी सहमत, पण चित्रं काढायला वेळ नसतो तेव्हा माझं हुकमी काम म्हणजे डिक्टोग्लॉस. तयारी पाच मिनिटांची.

पाच-सहा वाक्यांचा परिच्छेद, जो नियम हवा तो त्यात तीन-चारदा आलेला. पहिल्यांदा वाचते तेव्हा पेन खाली, नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा नेहमीच्याच वेगाने वाचते, फक्त मुख्य शब्द टिपायचे, पूर्ण वाक्य लिहायला वेळच मिळत नाही आणि मिळूही द्यायचा नाही. मग दोघा-तिघांनी मिळून आपापल्या टिपणांवरून मजकूर परत उभा करायचा. शब्दन् शब्द तोच नको, अर्थ तोच आणि व्याकरण धड पाहिजे. शेवटी मूळ मजकूर दाखवायचा.

खरी मजा उभा करताना होते. माझ्याकडे भूतकाळ घेतला की टिपणात असतं "मी, गोष्ट, वाचणे" आणि एक लिहितो "मी गोष्ट वाचलो", दुसरी म्हणते नाही नाही, वाचली. का वाचली, तू बाई आहेस म्हणून? मग तिसरा म्हणतो की मी तर पुरुष आहे आणि परवा बाईंनी माझंही "वाचली" केलं होतं. दहा मिनिटं भांडतात आणि शेवटी त्यांचं त्यांनाच सापडतं की क्रियापद वाचणाऱ्याकडे बघतच नाहीये, ते गोष्टीकडे बघतंय, म्हणून लेख वाचला, गोष्ट वाचली, पुस्तक वाचलं. हेच मी फळ्यावर कितीदा समजावलं असेल, सगळे मान डोलवायचे आणि बाहेर पडताना "मी पुस्तक वाचलो" म्हणून जायचे.

एकच अडचण, एक हुशार विद्यार्थी सगळं स्वतःच लिहून टाकतो. म्हणून पेन एकच ठेवते आणि ते सगळ्यात कमी बोलणाऱ्याच्या हातात देते.

शंकासुर

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. हे सगळं छान आहे पण गप्प बसण्याचं कारण बऱ्याचदा अगदी साधं असतं, शब्दच नसतात हो. आपण धडा १ चे शब्द धडा १ मध्ये शिकवतो आणि धडा ६ ला ते कोणाला आठवत नाहीत, कारण मध्ये ते भेटलेच नाहीत. विसरण्याचा आलेख एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच मांडून ठेवलाय आणि आपली पुस्तकं अजून तशीच पुढे पुढे पळतात. वाचनाचंही तेच, मदतीशिवाय मजकूर नीट कळायला शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे लागतात असं संशोधन आहे, आणि आपण पानात तीस नवे शब्द असलेला उतारा देऊन म्हणतो चर्चा करा.

मी दोन गोष्टी करतो. एक, लाइटनरचा डबा, सगळ्या वर्गाचा मिळून एक. कार्डं, पाच कप्पे. शब्द आला की कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आला की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे हळूहळू लांबच्या अंतराने. वर्गाची पहिली सात मिनिटं, नियम म्हणजे नियम. ॲप हवं असेल तर अंकी आहे, तत्त्व तेच, पण मोठी माणसं तीन आठवड्यांत ॲप सोडून देतात, डबा समोर असतो म्हणून सुटत नाही.

दुसरं ४-३-२. एकाच विषयावर आधी चार मिनिटं एका जोडीदाराला सांगायचं, मग तेच दुसऱ्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. ऐकणारा दर वेळी नवा असल्यामुळे परत सांगताना कंटाळा येत नाही आणि तिसऱ्या फेरीला अडखळणं चक्क कमी झालेलं ऐकू येतं. ए२ ला चार मिनिटं झेपणार नाहीत, २-दीड-१ करा.

निळी_शाई

लिंक हव्यातच ना कोणाला तरी 🙂 पत्ते देत नाही, नावाने शोधलं की सापडतं.

उच्चारासाठी फोर्व्हो, माणसांनी स्वतः बोलून टाकलेले शब्द, एकाच शब्दाचे दोन-तीन आवाज ऐकवा म्हणजे एकाच मास्तरच्या उच्चाराची सवय लागत नाही. उदाहरणाच्या वाक्यांसाठी ततोएबा, तिथे वाक्य आणि त्याची बऱ्याच भाषांतली भाषांतरं जोडलेली मिळतात, पण कोणीही लिहू शकतं त्यामुळे ज्याची ती मातृभाषा आहे त्याने लिहिलेलं वाक्य बघून घ्या. लिब्रीवॉक्सवर २००५ पासून लोक कॉपीराइट संपलेली पुस्तकं मोफत वाचून टाकतात, जर्मनही भरपूर आहे, फक्त भाषा जुनी, एखादा मिनिटच घ्या. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या चांगल्या आहेत पण ए२ ला जड जातील, मी तर फक्त हेडलाइन घेते आणि कुठल्या देशांची नावं ऐकू आली एवढंच विचारते. चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स.

लायसन्स मात्र वाचत जा. क्रिएटिव्ह कॉमन्स लिहिलंय म्हणजे वाट्टेल ते करा असं नाही. बीवाय म्हणजे नाव द्यायचं, एनसी म्हणजे धंद्यासाठी नाही, आणि एनडी असेल तर बदल करून पुढे वाटता येत नाही, म्हणजे वरचा कागद फाडायचा उद्योग करून ते पुढे शेअर करायचं असेल तर गडबड.

एआयकडून परिच्छेद लिहून घेणारे बरेच असतील, मीही घेते. मोठ्याने वाचून बघा. व्याकरण बरोबर असतं, पण असं कोणी बोलेल का, हा प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारावा लागतो.

वहीतलं_पान

सगळ्यांचे खूप आभार. उशीर झाला कारण आधी करून बघायचं होतं.

मंगळवारी खोलीचं चित्र केलं. माझी मांजर सगळ्यांना कुत्रा वाटली, एका जोडीने पाच मिनिटं त्यावरच वाद घातला, जर्मनमध्ये!! आठातले सहा-सात फरक बहुतेकांना सापडले. दुसरी फेरी जास्त अवघड गेली, दिवा हलवताना परत डेम डेम सुरू, पण या वेळी दोन-तीन जण स्वतःच थांबले आणि म्हणाले, नाही, हलवतोय, डेन. ते "परत सांग" वालं वाक्य फळ्यावर लिहिलं होतं ते सगळ्यात जास्त वापरलं गेलं, इतक्या वर्षांत मी ते दिलंच नव्हतं याचं मला वाईट वाटलं.

डिक्टोग्लॉस मात्र माझ्याकडे आपटलं. परिच्छेद लांब झाला बहुतेक, नऊ वाक्यं होती, लोक दुसऱ्या वाक्यालाच हरवले. आणि पेन कमी बोलणाऱ्याला दिलं तर तो बिचारा शेजारीण सांगेल ते नुसतं उतरवत बसला. यावर काय करता, काना_मात्रा?

काना_मात्रा

नऊ जास्त झाली, ए२ ला चार घ्या आणि हवं तर तिसऱ्यांदा वाचा, कोणी पकडत नाही. उतरवणाऱ्याचं म्हणाल तर मी एक नियम घातलाय, लिहिणाऱ्याने प्रत्येक वाक्य लिहिण्याआधी एकदा तरी "का?" विचारायचं आणि सांगणाऱ्याने कारण द्यायचं, नाहीतर तो लिहिणार नाही. सुरुवातीला गंमत म्हणून विचारतात. एक गप्प राहणारे काका आहेत माझ्याकडे, ते आता सोडतच नाहीत, परवा मलाच विचारलं.