मदत हवी आहे : डॅटसन २४०झेड घेऊन पूर्ववत करण्याचा खर्च

१९७० ते १९७३ या काळातील डॅटसन २४०झेड ही जपानी स्पोर्ट्स कार विकत घेऊन ती मूळ रूपात आणण्याचा विचार आहे. २०२० मध्ये अशीच एक उत्तम राखलेली गाडी लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली. तो आकडा आपल्यासारख्यांसाठी नव्हे, हे उघडच आहे. सहा सिलिंडरचे एल२४ इंजिन दणकट असल्याने त्याची फारशी चिंता नाही. खरा पैसा खातो तो गंज, जो बॅटरीच्या ट्रेखाली आणि तळाच्या पत्र्यात दडलेला असतो व रंग खरवडल्याशिवाय नीट दिसतही नाही. तेव्हा स्वस्तातली गंजकी गाडी घेऊन पत्राकाम करवावे, की जास्त पैसे मोजून धड पत्र्याचीच गाडी शोधावी? ज्यांनी हे काम करवून घेतले आहे त्यांनी खरेदी, पत्राकाम आणि रंग यांवर एकूण खर्चाचा किती वाटा गेला, हे कृपया कळवावे.