पायऱ्यांपेक्षा पाण्याचं बघा

सिंहगडाची आतकरवाडीकडची वाट दर पावसाळ्यात खचते, म्हणून तिथे सरसकट सिमेंटच्या पायऱ्या कराव्यात अशी एक सूचना आहे. वाट खचते हे खरंच, पण उपाय पटत नाही. लोक वळण टाळून सरळ चढतात, गवत जातं, माती उघडी पडते आणि दोन-चार मोठ्या सरींत त्या शॉर्टकटची घळ होते. पायऱ्या बांधल्या तरी पाणी त्यांच्या कडेनं खणत राहणारच.

मावळातल्या एका वाडीत गावकऱ्यांबरोबर वाटेवरचं पाणी वळवायचं काम केलंय. वाटेवर तिरकी दगडांची ओळ लावायची, दगड निम्म्याहून जास्त जमिनीत आणि उतार दरीकडे. पाणी वाटेवरून धावत न जाता बाजूच्या झाडीत उतरतं. शॉर्टकटच्या तोंडाशी करवंदीच्या काट्या. हे सगळं मे महिन्यातच उरकावं लागतं, आणि जागा वनखात्याची असेल तर परवानगी आधी. एक कळकळीची विनंती, वाट मोकळी करताना कारवी सरसकट तोडू नका. ती साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. बी पडायच्या आत तोडली तर उतारावरची माती धरायला मागे काही उरत नाही.