घरी कालवे उघडण्यासाठी सुरी कोणती घ्यावी?

खानापूरकर

सर्वांना नमस्कार. माझी सासुरवाडी वेंगुर्ल्याची असल्यामुळे आमच्या खानापूरच्या घरात कालवांचे (ऑयस्टरचे) सुके आणि आमटी गेली वीस वर्षे होत आली आहे. आजवर आम्ही सोललेलीच कालवे आणत होतो. बाजारात वाटा लावून मिळणारे मांस बर्फात घालून आंबोलीमार्गे घरी यायचे आणि त्याच दिवशी रांधले जायचे. अलीकडे मात्र चोर्ला घाटाने गोव्याहून ये-जा करणारे एक परिचित गृहस्थ शिंपल्यासकट जिवंत कालवे आणून देऊ लागले आहेत. त्यांच्या अंगच्या पाण्याला जी चव आहे, ती सोललेल्या मालाला नाही, हे घरातल्या सर्वांनी पहिल्याच घासाला मान्य केले.

अडचण उघडण्याची आहे. पहिल्या वेळी मी पेचकस वापरला. चार-पाच कालवे उघडली, पण शिंपल्याची कड भुगा होऊन मांसात कच गेली, आणि सहाव्या वेळी पेचकस निसटून डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी रुतला. सासूबाईंनी विळीवर प्रयत्न केला, तर पात्याला दोन ठिकाणी दाते पडले. त्यानंतर ऑनलाइन दुकानातून खास कालवांची म्हणून एक सुरी मागवली. तिचे पाते पहिल्याच दिवशी मुठीतून हलू लागले आणि डझनभर कालवे होण्याआधीच निखळून आले.

सुरी घेताना नेमके काय पाहावे, ती बेळगावात करून घेता येईल का, आणि डाव्या हाताच्या रक्षणासाठी कोणते मोजे घ्यावेत, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

टिळकवाडीहून

भाऊ, माझे माहेर मालवणकडचे. लहानपणी आत्याबरोबर ओहोटीला खडकावर जाऊन मी कालवे काढली आहेत, म्हणून आधी हत्याराचे काम काय ते सांगते. ते समजले की निवड करणे सोपे जाते.

आपल्या घरांत विळीची सवय असते. विळीवर पाते जागचे हलत नाही आणि आपण वस्तू पात्याकडे नेतो. कालवाच्या बाबतीत हे नेमके उलटे करावे लागते, म्हणजे कालव जागेवर घट्ट बसलेले असले पाहिजे आणि हलायचे ते फक्त हत्याराने. सासूबाईंच्या विळीला दाते पडले ते यामुळेच. विळीचे पाते कापण्यासाठी पातळ केलेले असते, आणि कालव उघडताना कापण्याचे काम शेवटी आणि अगदी थोडे असते. त्याआधीचे सगळे काम उचकटण्याचे आहे. म्हणून या सुरीला धार नको, ताठपणा हवा. बोटाच्या पेराने धार तपासावी आणि काहीच लागू नये, इतकी ती बोथट असावी.

कालव हातात घेतल्यावर त्याचा खोलगट शिंपला खाली आणि चपटा वर ठेवावा, म्हणजे आतले पाणी सांडत नाही. निमुळत्या टोकाला दोन्ही शिंपल्यांची बिजागरी असते. सुरीचे टोक तिथल्या फटीत टेकवायचे आणि जोर न लावता मनगट डावी-उजवीकडे हलवत ते आत बसू द्यायचे. टोक बसले की हाताला कळते, कारण सुरी सोडली तरी ती तशीच उभी राहते. मग किल्ली फिरवावी तशी सुरी फिरवायची. बारीकसा कट् असा आवाज होऊन बिजागरी सुटते. त्यानंतर पाते पुसून घ्यायचे, कारण त्याला चिखल लागलेला असतो. मग वरच्या शिंपल्याच्या आतल्या अंगाला पाते चिकटवून पुढे सरकवायचे, म्हणजे दोन्ही शिंपले धरून ठेवणारा स्नायू कापला जातो. तोच स्नायू खालच्या बाजूनेही सोडवला की मांस अख्खे निघते. जोर लावावासा वाटला, की टोक चुकीच्या जागी आहे असे समजावे आणि जागा बदलावी. तुमचा पेचकस निसटला तो बहुधा अशाच जोराने.

खडकावरच्या कालवाचा एक शिंपला खडकालाच चिकटून वाढलेला असतो, त्यामुळे त्याचा आकार वेडावाकडा होतो आणि बिजागरी लवकर सापडत नाही. अशा कालवाला बाजूच्या कडेने उघडावे लागते, आणि तिथे थोडे लांब व अरुंद पाते उपयोगी पडते. खाडीतली मोठी कालवे मात्र आखूड, रुंद पात्याने बिजागरीपाशीच उघडतात. परदेशी सुऱ्यांत जी न्यू हेवन, बोस्टन अशी नावे दिसतात, त्यांच्यातला फरकही मुख्यतः हाच आहे. न्यू हेवनचे पाते आखूड असून टोक किंचित वर वळलेले असते, आणि बोस्टनचे लांब व अरुंद असते. तुमच्याकडे कोणती कालवे येतात ते पाहून ठरवा. दोन्ही प्रकार घेण्याची गरज नाही.

कालवे धरायला आम्ही जुना लाकडी पाट वापरतो. त्यात पटाशीने वाटीएवढा खळगा कोरून घेतला आहे. खळग्यात ओले फडके घालून वर कालव ठेवले की ते सरकत नाही. पाटाखालीही ओले फडके घालावे. ओट्यापाशी उभे राहण्यापेक्षा जमिनीवर बसून हे काम मला जास्त सुरक्षित वाटते, कारण खांदा हाताच्या वर येतो आणि हिसका बसत नाही.

उद्यमबाग, टूलरूम

खानापूरकर, सुरी बेळगावात नक्कीच करून घेता येईल आणि बाजारातल्या बऱ्याच सुऱ्यांपेक्षा चांगली होईल. माझी बत्तीस वर्षे लेथ आणि ग्राइंडिंगवर गेली आहेत, त्यामुळे धातूविषयी थोडे सविस्तर लिहितो.

तुमची सुरी निखळली याचे कारण पात्याचे शेपूट असावे. स्वस्त सुऱ्यांत हे शेपूट जेमतेम इंच-सव्वा इंच मुठीत जाते आणि प्लॅस्टिकमध्ये नुसते दाबून बसवलेले असते. कापताना त्यावर ताण येत नाही, पण सुरी किल्लीसारखी फिरवली की सगळा पीळ त्या एवढ्याशा शेपटावर येतो. म्हणून शेपूट मुठीच्या टोकापर्यंत गेलेले आणि निदान दोन रिबिटांनी पक्के केलेले असावे. विकत घेतानाही हीच गोष्ट पहिल्यांदा पाहावी.

दुसरी गोष्ट पोलादाची. वर्कशॉपमध्ये भांड्यांच्या ३०४ स्टेनलेसचे तुकडे सहज मिळतात आणि कारागीर तेच वापरून देतो. ३०४ गंजत नाही हे खरे, परंतु ते तापवून विझवले तरी कडक होत नाही. त्याचे टोक दोन-तीन वेळातच वाकेल. ४२० जातीचे स्टेनलेस मागा. त्यात सुमारे १३ टक्के क्रोमियम असते आणि त्याला पाणी देता येते. सुमारे १००० अंश सेल्सिअसला तापवून तेलात विझवावे आणि नंतर २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून टेंपर करावे. टेंपरिंग चुकवू नये, कारण पाणी दिल्यावर तसेच सोडलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते आणि त्याचे टोक शिंपल्यातच मोडते. ईएन ८ (मध्यम कार्बनचे साधे पोलाद) किंवा गाडीच्या कमानपाट्याचे पोलाद ताकदीला उत्तम आहे, आणि गावच्या लोहाराकडे कमानपाट्याचीच सुरी होईल. मात्र खारे पाणी लागल्यावर ती रात्रीतून तांबारते. धुऊन, कोरडी करून, खोबरेल तेलाचे बोट फिरवून ठेवण्याची शिस्त घरात असेल तरच ती घ्यावी.

मापे माझ्या अनुभवाने देतो. पाते मुठीबाहेर ७० मिलिमीटर, रुंदी १८, जाडी मुठीपाशी ३ आणि टोकाशी दीड मिलिमीटर. टोक सुईसारखे नको, तर करंगळीच्या नखासारखे गोलसर असावे. मूठ आणि पाते यांच्यामध्ये एक आडवी पट्टी ठेवावी, म्हणजे हात घसरून पात्यावर जात नाही. मूठ शिसवीची चांगली. लाकडाला पॉलिश न करता नुसते तेल पाजावे, कारण ओल्या हातात पॉलिश निसरडे होते.

निपाणीहून, परिचारिका

वरच्या दोघांनी हत्याराविषयी उत्तम लिहिले आहे. मी हाताविषयी लिहिते, कारण अंगठ्याच्या मुळाशी झालेल्या अशा जखमा मी ड्रेसिंगच्या टेबलावर पाहिल्या आहेत आणि त्या दिसतात त्यापेक्षा खोल असतात. तिथून अंगठ्याचे स्नायू आणि नसा जातात. दादा, तुमचा अंगठा अजून बधिर वाटत असेल किंवा पूर्ण वाकत नसेल, तर कृपया डॉक्टरांना दाखवा.

मोजे घेताना ‘कट रेझिस्टंट’ एवढे वाचून समाधान मानू नये. मोज्यांवर ईएन ३८८ हे युरोपीय मानक छापलेले असते. (वरच्या ईएन ८ शी याचा संबंध नाही; ते पोलादाला दिलेल्या जुन्या ब्रिटिश क्रमांकांपैकी आहे.) त्या चिन्हाखाली चार अंक आणि एक अक्षर असते. पहिला अंक घासण्याचा, दुसरा पात्याने कापण्याचा, तिसरा फाटण्याचा आणि चौथा टोचण्याचा. अक्षर ए पासून एफ पर्यंत (एफ सर्वांत वरचे) असते आणि तेही कापण्याविषयीच सांगते. आपली सुरी बोथट आहे, म्हणजे धोका कापण्याचा कमी आणि टोचण्याचा जास्त. त्यामुळे इथे चौथा अंक महत्त्वाचा असून तो ० ते ४ असा असतो. विणलेल्या पातळ मोज्यांत कापण्याचे अक्षर वरच्या दर्जाचे असूनही हा अंक १ किंवा २ असलेला आढळतो, कारण टोक विणीच्या धाग्यांमधून आत शिरते. तळहाताला रबराचा जाड थर असलेले मोजे घ्यावेत आणि वरून फडक्याची चौपदरी घडी धरावी. पोलादी कड्यांचे मोजे धारेला अडवतात, पण अरुंद टोक कड्यांतून जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. उबदार खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जिवाणू असतो. तो कच्च्या कालवांतून पोटात जातो, तसाच जखमेतूनही शरीरात शिरतो. यकृताचा आजार किंवा मधुमेह असणाऱ्यांना तो फार घातक ठरतो. लिंबू, तिखट किंवा मद्य यांनी तो मरत नाही, केवळ उष्णतेने मरतो. हातावर उघडी जखम असताना कालवे उघडू नयेत. शिंपल्यासकट उकळायची असतील, तर शिंपले उघडल्यानंतर पुढे ३ ते ५ मिनिटे उकळत ठेवावीत. सोललेले मांस किमान ३ मिनिटे उकळावे. उघडायला सोपे जावे म्हणून मिनिटभर वाफ देण्याची पद्धत आहे. त्याने स्नायू सैल पडतो, पण तेवढ्याने कालव शिजले असे समजू नये. आणि उघड्या तोंडाचे कालव टिचकी मारूनही मिटत नसेल, तर ते फेकून द्यावे.

खानापूरकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ताई, अंगठा आता पूर्ण वाकतो, मात्र जखमेच्या जागी अजून थोडा बधिरपणा आहे. उद्या डॉक्टरांना दाखवतो आणि तोवर कालवांना हात लावत नाही. आमच्याकडे येणारी कालवे खाडीची, तळहाताएवढी मोठी आहेत, म्हणून आखूड आणि रुंद पातेच करून घेईन. घरात खोबरेल तेलाची शिस्त टिकेल याची खात्री नसल्यामुळे ४२० चेच पोलाद घ्यायचे ठरवले आहे. जुना पाट माळ्यावर सापडला.

काकांना एक विचारायचे राहिले. सुरी मी करून घेणार असलो तरी ती अधिक वापरणार सासूबाई. त्यांचा हात लहान आहे आणि बोटांचे सांधे सकाळी धरतात. मूठ त्यांच्या हाताला बसेल अशी बारीक करून घ्यावी का?

उद्यमबाग, टूलरूम

बारीक करू नका. मूठ बारीक असली की ती आवळून धरावी लागते आणि सांध्यांवर जास्त ताण येतो. मधोमध ३२ ते ३५ मिलिमीटर जाडीची, मागे किंचित फुगीर आणि दोन्ही बाजूंना थोडी चपटी अशी मूठ ठेवा. चपटेपणामुळे ती हातात गोल फिरत नाही आणि पीळ देताना बोटे आवळावी लागत नाहीत. लांबी मात्र त्यांच्या तळहाताच्या मापाने ठेवा. ओल्या मातीचा गोळा त्यांना मुठीत दाबून धरायला सांगा आणि तो वाळवून कारागिराकडे न्या. तो त्यावरून लाकूड घासून देईल.