लक्ष्याला आपण वाया घालवलं का?

गिरगावकर
16 डिसेंबर आला की ‘अशी ही बनवाबनवी’तले तेच ते तुकडे पुन्हा फिरायला लागतात. 2004 साली याच तारखेला लक्ष्मीकांत बेर्डे गेले. वय अवघं 50. आठवण काढावीच, पण माझ्या मनातली सल आज बोलून टाकतो. या नटाला आपण प्रेक्षकांनी वाया घालवलं.

1992 चा ‘एक होता विदूषक’ आठवा. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, पटकथा-संवाद पुलंचे, गाणी महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. तमाशातला सोंगाड्या सिनेमाचा नट होतो, पुढे राजकारणाच्या वळचणीला जातो. लक्ष्याने त्यात जे डोळ्यांनी केलंय ते पाहून मी सुन्न झालो होतो. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण लोक फिरकले नाहीत. पुढच्याच वर्षी ‘झपाटलेला’ आला आणि आपण रांगा लावल्या. मग नटाने काय समजायचं?

रंगपटातून
‘वाया’ हा शब्द मला झोंबला. रडवलं की कला आणि हसवलं की नुसता धंदा, ही उतरंड कुणी लावून दिली? ‘झपाटलेला’चंच घ्या. समोर रामदास पाध्यांनी घडवलेला बाहुला, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. तात्या विंचूची भीती आपल्याला वाटते ती लक्ष्याच्या चेहऱ्यावरून. तो बाहुला जिवंत आहे यावर त्याचा क्षणभर जरी विश्वास बसला नसता तर अख्खा सिनेमा कोसळला असता. लाकडाच्या तुकड्यासमोर असं घाबरून दाखवायला गंभीर भूमिकेपेक्षा कमी कसब लागतं असं मला वाटत नाही.

मी ‘टूरटूर’ नाटक पाहिलंय, 1983 चं, पुरुषोत्तम बेर्ड्यांचं. तेव्हा लक्ष्या कुणाला माहीत नव्हता. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करत करत, छोटी कामं करत तो वर आला होता. हशा कुठे थांबतोय, पुढचं वाक्य नेमकं कधी टाकायचं, हे तो तिथे शिकला. ‘धूमधडाका’मध्ये तो शरद तळवलकरांना भुताच्या सिनेमाची गोष्ट ऐकवतो तो प्रसंग पुन्हा बघा. तळवलकरांसारखा कसलेला माणूस समोर असून प्रसंग हातातून निसटू देत नाही.

साताऱ्याची लेक
मी पडले साधी प्रेक्षक, मला उतरंड वगैरे कळत नाही. आमच्या वाड्यात भाड्याने व्हीसीआर आणून ‘बनवाबनवी’ लावला होता. लक्ष्या बाईच्या वेषात जी पार्वती होतो, तिच्या डोहाळजेवणाला माझी आजी, जी आजोबा गेल्यापासून हसलीच नव्हती, पदर तोंडाला लावून इतकी हसली की आई घाबरली. आजी नंतर म्हणाली, “पोर कसं लाजतंय बघ, अगदी पहिलटकरणीसारखं.” बाईचं सोंग घेतलेले नट पुष्कळ पाहिले, बहुतेक बाईची टिंगल करतात. लक्ष्याने पार्वतीची टिंगल नाही केली. आमच्या घरात त्याला कुणी ‘लक्ष्मीकांतजी’ म्हटलं नाही. तो लक्ष्याच होता. असं एकेरीत घरात घेणं सगळ्यांच्या नशिबी येत नाही. त्याला वाया गेला कसं म्हणता, दादा?

गिरगावकर
ताई, आजींचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण माझा मुद्दा वेगळा आहे. तीच टोपी, तीच धांदल, भुतं आणि बदललेले वेष, हे पुन्हा पुन्हा करायला लावलं. हिंदीत गेला तर ‘मैंने प्यार किया’त घरगडी, ‘हम आपके हैं कौन’मध्ये पुन्हा घरगडी. ज्याच्या नावावर इथे थिएटरं भरत होती त्याला तिथे ट्रे धरून उभं केलं, आणि आपण ‘आपला माणूस सलमानबरोबर’ म्हणून खूश झालो. हे तरी कबूल कराल की नाही?

रंगपटातून
हिंदीबद्दल शंभर टक्के कबूल. माझाही जीव तुटायचा.

परदेशस्थ नाशिककर
एक गोष्ट सुटतेय. अशोकमामांना, म्हणजे अशोक सराफांना, 2023 चा महाराष्ट्र भूषण मिळाला, 2025 मध्ये पद्मश्री. विनोदी नटाकडे आदराने बघायला आपल्याला इतकी वर्षं लागली, आणि मामा आहेत म्हणून तो सन्मान त्यांच्या हातात पडला. लक्ष्या मामांपेक्षा सात वर्षांनी लहान. आज असता तर सत्तरी ओलांडलेल्या लक्ष्याला एखाद्या म्हाताऱ्याच्या भूमिकेत कुणीतरी नक्की उभं केलं असतं. मला सगळ्यात जास्त चुटपूट त्याच न पाहिलेल्या म्हाताऱ्याची लागते. इथे वाया काही गेलं नाही, वेळच कमी पडला.

गिरगावकर
‘वाया’ मागे घेतो. रिकाम्या खुर्च्यांचा मुद्दा मात्र सोडणार नाही, कारण त्यातली एक खुर्ची माझीही होती. ‘विदूषक’ मी थिएटरात पाहिलाच नाही, कितीतरी वर्षांनी टीव्हीवर पाहिला. 1992 मध्ये मित्राने विचारलं होतं, “लक्ष्याचा नवीन आलाय, येतोस?” मी विचारलं, “कॉमेडी आहे का?” तो नाही म्हणाला आणि आम्ही गेलो नाही.

साताऱ्याची लेक
दादा, मी तर तो अजून पाहिलेला नाही. या रविवारी आईला घेऊन बसते. आजीचा फोटो समोरच आहे.