सबनेट: उपजाळे, पोटजाळे की आणखी काही?

तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला नेटवर्किंग शिकवते. मुलं बहुतेक मराठी माध्यमातून आलेली. एका टिपणात 'सबनेट'ला (मोठ्या नेटवर्कचा पाडलेला छोटा भाग) 'उपजाळे' वाचलं, तेव्हापासून तो शब्द खुपतोय. 'उप' म्हटलं की हाताखालचं किंवा कडेचं काहीतरी समोर येतं: उपसरपंच, उपनगर. सबनेट तर मूळ नेटवर्कच्या आतच असतं. 'पोटजाळे' म्हणावं का? आणि 'सबनेट मास्क'ला 'मुखवटा' मला अजिबात पटत नाही. काय सुचतं?

—

'पोट'च बरोबर. पोटकलम, पोटभाडेकरू, पोटजात, सगळीकडे 'आतला भाग' हाच अर्थ आहे. सगळ्यात जवळचा शब्द सातबाऱ्यावरचा 'पोटहिस्सा'. गट नंबर 45 ची वाटणी झाली की 45/1, 45/2 होतात. जमीन तेवढीच, बांध नवे. 192.168.10.0 या नेटवर्कात 256 पत्ते. त्याचे चार भाग केले की 64-64 चे चार पोटहिस्से. पण यंत्रांना द्यायला प्रत्येकात 62 च उरतात, कारण पहिला पत्ता त्या तुकड्याचं नाव आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला. बांधाखाली थोडी जमीन जातेच, तसं.

क्रियापद तर आपण वापरतोच. प्लॉट पाडतात तसे आम्ही ऑफिसात सबनेट 'पाडतो'. 'विभाजन करणे' कुणी म्हणत नाही.

—

उपमा फार आवडली, पण एका जागी ती मुलांना फसवेल. 45/2 मधला 2 हा हिश्श्याचा क्रमांक. सबनेटच्या पत्त्यामागे /26 लिहितात, त्यातला 26 क्रमांक नव्हे. पत्त्याच्या 32 बिटांपैकी डावीकडचे 26 नेटवर्कचे, एवढंच तो सांगतो. म्हणून आकडा वाढला की तुकडा लहान होतो: /24 मध्ये 256 पत्ते, /26 मध्ये 64, /30 मध्ये फक्त 4. हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर मुलं उलटं धरून बसतात आणि ते सुटता सुटत नाही.

ही तिरकी रेघ रुळली ती 1993 च्या सीआयडीआरनंतर, म्हणजे ठरलेले वर्ग सोडून पत्ते वाटायच्या पद्धतीनंतर. त्याआधी नेटवर्कचे ए, बी, सी असे ठरलेले वर्ग होते. सी वर्गात 254 यंत्रं, बी मध्ये एकदम 65,534. पाचशे संगणकांच्या संस्थेला एक तोकडा, दुसरा अवाढव्य.

मास्कसाठी 'गाळणी' सुचवतो. मुखवटा नुसता झाकतो. मास्क नेटवर्कचा भाग ठेवतो आणि यंत्राचा भाग गाळून टाकतो. 192.168.10.77 घ्या, मास्क 255.255.255.192, म्हणजे तेच /26. शेवटचाच आकडा पाहू:

77 म्हणजे 01001101
192 म्हणजे 11000000
दोन्हीकडे 1 असेल तिथेच 1 ठेवला, तर 01000000, म्हणजे 64

झालं. हे यंत्र 64 पासून 127 पर्यंतच्या पोटहिश्श्यातलं.

—

गाळणी घेतली! परवाच प्रयोगशाळेत एका मुलीच्या संगणकाला 77 होता आणि प्रिंटरला 130. दोन्ही एकाच स्विचला (यंत्रं जोडायच्या पेटीला) लावलेले, तरी पिंग, म्हणजे पोचतंय का पाहायचा संदेश, जाईना. ती म्हणाली, "मॅडम, वायर तर एकच आहे, मग हे परके कसे?" तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. आज तिला 130 पण गाळायला लावला. 10000010 मधून 10000000 उरले, म्हणजे 128. तिनंच म्हटलं, "पोटहिस्सा वेगळा आहे."

शब्द 'सबनेट'च ठेवतेय, कारण परीक्षेत आणि नोकरीत तोच लागणार. समजावताना मात्र पोटहिस्सा, पाडणे, गाळणी. आता गेटवेला काय म्हणावं? हद्दीबाहेर जाणारं डेटाचं प्रत्येक पाकीट तिथूनच जातं, म्हणून माझ्या मनात 'वेस' आहे.

—

वेस चांगला आहे. फक्त एक जोडा: वेस त्याच पोटहिश्श्यात असली पाहिजे. 77 ला गेटवे म्हणून 129 दिला, तर तो वेशीपर्यंतच पोचणार नाही.